तळाला बसलेला रंग: सायकलच्या छर्ऱ्यापासून व्होर्टेक्सपर्यंत

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री भाच्याच्या लाकडी नंदीवर शेवटचा हात फिरवत होतो. शिंगांच्या टोकांसाठी पांढऱ्याची बाटली उघडली. आधी नुसतं पाणी आलं, मग फुटलेल्या चहासारखं काहीतरी. भाचा म्हणे, "मामा, पांढरा काहून असा मातकट दिसून राह्यला?" बाटलीचं तोंड काढून आत टॉर्च मारला. सहा महिन्यांपूर्वी मीच टाकलेले सायकलचे दोन छर्रे तळाशी गंजून लाल झाले होते. शिंगांना शेवटी दाराला लावायचा ऑइलपेंट लागला आणि नंदी दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीत चिकट शिंगं घेऊन फिरला.

ते छर्रे घेताना सायकलवाल्या काकांनी विचारलं होतं, "कायले पाहिजे?" सांगितल्यावर ते म्हणाले, "बाटलीत टाकता? गंजतीन ना भाऊ." मी ऐकलं नाही.

दारव्हा-दिग्रस रस्त्यावर माझं मोटर रिवायंडिंगचं छोटं दुकान आहे. रब्बीत पंपाच्या मोटरींची रांग असते. पाऊस लागला की शेतातले पंप बंद आणि दुकान रिकामं. त्या दिवसांत मी २८ मि.मी.चे शिपाई, म्हणजे बोटाच्या पेराएवढे पुतळे, ॲक्रिलिक रंगांनी रंगवतो. माझ्याकडे साठेक बाटल्या आहेत, आणि रंग हलवण्याच्या बाबतीत करता येण्यासारख्या बहुतेक चुका माझ्या करून झाल्यात. इकडे जवळपास हॉबीचं दुकान नाही. एक बाटली वाया गेली तर दुसरी पार्सलने यायला आठवडा जातो. म्हणून पैसे कशावर घालायचे आणि कशावर नाही, हे नीट लिहून काढतोय.

आधी रंग तळाला का बसतो ते पाहू, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावरच आहे. ॲक्रिलिक रंग म्हणजे पाणी, त्यात तरंगणारे ॲक्रिलिकचे बारीक कण आणि रंगाची पूड. पाणी आणि ॲक्रिलिकची घनता साधारण १च्या आसपास असते. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड मात्र ४.२, आणि गेरूच्या जातीचे लोह ऑक्साइडचे रंग ५च्या घरात. तेच पुष्कळशा चटक लाल-निळ्या-जांभळ्यांमधली सेंद्रिय पूड दीडच्या आसपास. त्यामुळे पांढरा, पांढरा घातलेले अंगाचे (कातडीचे) रंग, तपकिरी आणि मातकट रंग लवकर आणि घट्ट बसतात. गेरू कालवून ठेवलेला डबा दुसऱ्या दिवशी पाहिलाय ना? वर पाणी, खाली लगदा. बाटलीतही तेच होतं, फक्त हळू.

म्हणजे साठ बाटल्या असल्या तरी खरी झटापट पंधरा-वीस बाटल्यांशीच असते. यंत्र घेण्याआधी त्या वेगळ्या काढा. बाटली उलटी करून तळावर मोबाइलचा टॉर्च धरा. तळ एकसारखा दिसला तर ती बाटली हातानेच होते. तळाला गडद कडं किंवा थर चिकटून राहिला, तर तिला गोळी हवी, म्हणजे बाटलीत टाकायचा धातूचा छोटा छर्रा. थर दहा मिनिटांनीही सरकला नाही, तर ती आजारी बाटली. तिचं औषध पुढे येईल.

गोळी कोणती

नुसती बाटली हलवली की वरचं पाणी हलतं, तळाचा लगदा तिथेच राहतो. आत जड गोळी असली की ती तळावर आपटते, लगद्याचा तुकडा तोडते आणि सगळ्या बाटलीभर फिरवते. म्हणून माझं सरळ मत असं: पहिले पैसे गोळीवर, यंत्राचा विचार त्यानंतर. गोळी नसेल तर महागडं यंत्रही अर्धंच काम करतं, आणि गोळी असली तर निम्म्या लोकांना यंत्र लागतच नाही.

सायकलचे छर्रे मापाला अगदी योग्य असतात, म्हणूनच मोह होतो. पुढच्या हबचे ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मि.मी., मागच्या हबचे पाव इंच म्हणजे ६.३५ मि.मी. पण ते साध्या बेअरिंग स्टीलचे असतात आणि ग्रीसमध्ये राहण्यासाठी बनवलेले असतात. पाण्याच्या रंगात ते गंजणारच. काळ्यात किंवा गडद तपकिरीत ते लवकर कळत नाही. पिवळा, पांढरा आणि अंगाचा रंग मात्र काही महिन्यांत बिघडवतात.

घ्यायची ती स्टेनलेस, ३०४ किंवा ३१६. औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात मिळते, ऑनलाइनही मिळते. मला ५ मि.मी.च्या शंभर गोळ्या अडीचशेच्या आत पडल्या. एका बाटलीत दोन धरल्या तर पन्नास बाटल्यांचं काम झालं, म्हणजे बाटलीमागे पाच रुपये. दुकानदार "स्टेनलेसच आहे" म्हणून काहीही देऊ शकतो, तेव्हा घरी तपासा. चुंबक लावा. ३०४ किंवा ३१६ला चुंबक धरत नाही किंवा अगदी हलका ओढतो. खटकन चिकटली तर ती गोळी बाटलीत टाकू नका. स्टेनलेसच्याही काही जाती चुंबकाला चिकटतात, पण त्या गंजाला तेवढ्या खंबीर नसतात, म्हणून चिकटणारी सरसकट बाजूला. मग दुसरी परीक्षा: वाटीत चमचाभर मीठ, थोडं पाणी, दोन थेंब व्हिनेगर किंवा लिंबू, आणि त्यात पाकिटातल्या तीन-चार गोळ्या. तीन दिवसांनी पाणी पिवळसर झालं किंवा गोळीवर ठिपके आले, तर पाकीट परत करा. ही परीक्षा मी आता कधीच चुकवत नाही.

मापाचं एकच लक्षात ठेवा. गोळी बाटलीच्या गळ्यातून आत गेली पाहिजे, पण नोझलच्या खालच्या भोकात अडकता कामा नये. १७-१८ मि.लि.च्या नेहमीच्या ड्रॉपर बाटल्यांना माझ्याकडे ५ मि.मी. बरोबर बसली. पाकीट उघडलं की एक गोळी नोझलच्या खालच्या तोंडाशी धरून पाहा. आत शिरत असेल तर पुढचं माप घ्या.

घरातल्या इतर वस्तूंबद्दलही सांगतो, कारण मी बहुतेक सगळ्या टाकून पाहिल्यात. काचेचे मणी चालतात, काच गंजत नाही. पण काच हलकी. ६ मि.मी.ची स्टीलची गोळी साधारण ०.९ ग्रॅम भरते, तेवढ्याच मापाचा काचेचा मणी जेमतेम ०.३ ग्रॅम. म्हणजे तीन मण्यांनी एका गोळीचं काम. आठवडी बाजारात कासाराकडे मणी मिळतात. आरपार रंग असलेले घ्या, वरून मुलामा दिलेले नको, मुलामा सुटून रंगात येतो. आईच्या तुटलेल्या पोतीतले काळे मणीही टाकले होते मी. ते इतके बारीक की सगळे नोझलमध्ये जाऊन बसले, वर आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच. पितळी घुंगरू टाकू नका, ॲक्रिलिक रंग किंचित अल्कधर्मी असतो आणि त्यात पितळ हिरवं पडतं. जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्टही नको. गळाला लावायचं शिसं किंवा एअरगनचे छर्रे तर अजिबात नको. शिसं विषारी आहे आणि ब्रशचं टोक ओठात धरायची सवय आपल्यातल्या पुष्कळांना असते. आर्मी पेंटर या रंगांच्या कंपनीच्या काही बाटल्यांत गोळ्या आधीच घातलेल्या येतात. टाकण्याआधी बाटली कानाशी धरून हलवा, टकटक आली की झालं.

गोळी आत कशी घालायची

यात घाई केली की शर्ट जातो. बाटली तासभर सरळ उभी ठेवा. मग हलकेच उघडा. मे महिन्यात आतली हवा तापून फुगलेली असते आणि टोपण काढताक्षणी रंग वर चढतो. तेव्हा उन्हाळ्यात आधी बाटली माठाच्या पाण्यात पाच मिनिटं धरा. नोझलभोवती कापडाचा तुकडा गुंडाळा आणि पकडीने एका बाजूने वर उचला. सरळ ओढू नका, थोडं तिरकं. बाटली अजिबात दाबू नका. दोन गोळ्या सोडा, कडा ओल्या कापडाने पुसा आणि नोझल अंगठ्याने खट आवाज येईपर्यंत दाबून बसवा. कडेला सुकलेला रंग राहिला तर नोझल पूर्ण बसत नाही, आणि पहिल्याच झटक्याला टोपणासकट उडतं. आमच्या दुकानाच्या भिंतीवर निळ्या रंगाचा पंख्यासारखा शिंतोडा अजूनही उमटलेला आहे.

रिकाम्या बाटल्यांतल्या गोळ्या धुऊन पुन्हा वापरता येतात. लहान पोरं घरात असतील तर गोळ्यांची डबी वर, कुलपात.

आता ती आजारी बाटली. तळाचा थर गोळीलाही दाद देत नसेल तर नोझल काढून बाभळीच्या लांब काट्याने किंवा बांबूच्या काडीने तळ खरवडा. बाभळीचा काटा टूथपिकपेक्षा टणक असतो आणि फुकट मिळतो. मग बॅटरीत घालायच्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाका, गोळ्या टाका, नोझल बसवा आणि बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून मग हलवा. हाताला चटका बसेल इतकं गरम पाणी नको. हे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ केलं की पुष्कळ बाटल्या उठतात. बाटलीतून रबरासारखे गोळे निघत असतील तर ॲक्रिलिक आतच वाळलेलं आहे. ते पुन्हा विरघळत नाही, त्या बाटलीच्या मागे लागू नका.

बॅटरीचं पाणी म्हणालो ते डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात, तेव्हा नाव वाचून घ्या. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं क्षाराचं आहे की कूलरच्या जाळीवर महिन्यात पांढरा थर चढतो. तेच पाणी रंगात गेलं की गडद रंगावर पांढुरकी झाक येऊ शकते. बॅटरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन मला वर्षभर पुरतो.

हाताने हलवण्याची पद्धत

हाताने हलवणं म्हणजे सरबत करणं नव्हे. बाटली उलटी धरा, तळ वर, आणि तळहातावर जोरात आपटत राहा. त्याने तळाला चिकटलेला लगदा सुटतो आणि गोळी त्यावर बसते. वीस-पंचवीस आपट्यांनंतर मनगटाने छोटे, भरभर झटके द्या. गोळीचा आवाज ऐका. लगदा असताना आवाज दबका येतो, रंग एकजीव झाला की टणटणीत वाजतो. दर आठवड्याला वापरात असलेल्या बाटलीला मला अर्धं मिनिट लागतं, चार महिने पडून असलेल्या पांढऱ्याला तीन मिनिटं.

झालं की नाही हे ओळखायला एक स्वस्त परीक्षा आहे. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या मार्करने एक रेघ ओढा. तिच्यावरून रंगाचा एकच आडवा पट्टा मारा, आणि आणखी एक मिनिट हलवून शेजारी दुसरा मारा. दुसऱ्या पट्ट्याने रेघ जास्त झाकली, तर अजून हलवायचं आहे. दोन्ही सारखे आले की थांबा. ज्याला "हा रंग झाकतच नाही" असं वाटतं, त्याने आधी हा पुठ्ठा करून पाहावा. पुष्कळदा रंग चांगलाच असतो, बाटलीच्या तळाशी झोपलेला असतो.

दोन अपवाद आहेत. वॉशमध्ये, म्हणजे खाचांत सोडायच्या पातळ रंगात, पूड कमी असते, त्याला पन्नास झटके पुरतात. मॅट वॉर्निशला मात्र वेळ द्या. त्यातली चमक मारणारी पूड तळाला बसते, आणि वरवर हलवून लावलं तर शिपाई एका बाजूला चकचकीत, दुसऱ्या बाजूला पांढुरका दिसतो. पण वॉर्निश जोरात झटकलं की फेस येतो आणि बुडबुडे पुतळ्यावरच वाळतात. म्हणून ते दोन्ही तळहातांमध्ये धरून रवी फिरवतात तसं घुसळा, पाच मिनिटं, आणि मग दहा मिनिटं उभं ठेवून वापरा. सोनेरी-चंदेरी रंगांत चपट्या चमकीचे कण असतात आणि तेही झपाट्याने बसतात. रंगवताना प्लेटवरही त्यांना मधून मधून ढवळावं लागतं.

गोफण नको

इथे एक गंमत सांगतो, कारण ही चूक हुशार माणसंच करतात. मित्र म्हणाला, बाटली सायकलच्या चाकाला बांध आणि पायडल मार. दिसायला झकास कल्पना. पण चाकाच्या मध्यापासून २५ सें.मी.वर बाटली बांधली आणि चाक मिनिटाला २०० फेरे फिरलं, तर बाटलीतल्या कणांवर वजनाच्या साधारण ११ पट जोर येतो, आणि तोही सतत बाहेरच्या दिशेला. म्हणजे गोफणीतल्या गोट्यासारखी सगळी पूड एका बाजूला दाबून बसते. प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशी वेगळ्या करायला हेच करतात. पंख्याच्या पात्याला बांधायचा सल्लाही मला मिळाला होता. ते तर रंगापेक्षा डोक्याला धोक्याचं.

रंग एकजीव करायला जोराची दिशा सारखी बदलली पाहिजे. एक तर खाली-वर झटके, नाहीतर चाळणीसारखी हालचाल. पीठ चाळताना चाळणी स्वतःभोवती फिरत नाही, जागच्या जागी छोट्या गोलात सरकते, बरोबर? व्होर्टेक्स मिक्सर, म्हणजे लॅबमधलं नळ्या हलवायचं यंत्र, तेच करतो, फक्त मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा. कोणतंही यंत्र घेताना स्वतःला एवढंच विचारा: हे गोफण आहे का चाळणी?

यंत्र घ्यायचंच असेल तर

मनगट दुखत असेल, दिवसाला दहा-बारा बाटल्या लागत असतील किंवा दुसऱ्यांची कामं घेत असाल, तर यंत्राचा विचार करा. वीस बाटल्यांवाल्याने गोळ्यांचं एक पाकीट घ्यावं आणि उरलेल्या पैशांचे ब्रश आणावेत.

सुताराकडे जिगसॉ, म्हणजे विजेवरची छोटी करवत, असते. पातं काढून त्या जागी बाटली बांधायची जुगाड पुष्कळ लोक करतात. ती मिनिटाला दोन-तीन हजार वेळा खाली-वर होते, त्यामुळे काम झकास करते, पण प्लास्टिकचा टाय तुटला की बाटली गोळीसारखी सुटते. करायचीच तर सगळ्यात कमी वेगावर, बाटली पिशवीत घालून, चष्मा लावून. माझ्या मते शेजारच्या सुताराची जिगसॉ वापरायला नेहमी मिळत नाही, आणि तेवढ्यासाठी विकत घेणं महाग पडतं. दुधाला फेस आणायची बॅटरीवरची रवी छोट्या बाटलीत जात नाही आणि रंगालाही फेसच आणते. मोठ्या डब्यातला प्रायमर ढवळायला ती ठीक. मसाज गन रट्टे चांगले देते, घरात आधीच असेल तर वापरा.

नेलपॉलिश हलवायचं यंत्र बाटली पट्ट्यात अडकवून झटके देतं. हात मोकळे राहतात हा मोठा फायदा, पण बारक्या यंत्रांत जोर कमी असतो, गोळीशिवाय घट्ट थर हलत नाही. व्होर्टेक्स मिक्सर सगळ्यात चांगला: बाटली वर टेकवली की दहा-वीस सेकंदांत काम. नवा घ्यायचा तर काही हजार रुपये जातात. पॅथॉलॉजी लॅब जुनं सामान काढते तेव्हा सेकंडहँड मिळतो. घेताना वर बोट दाबून पाहा. दाबल्यावर मोटर अडखळली किंवा वेग पडला, तर बेअरिंग किंवा वाइंडिंग गेलेलं आहे, आणि वाइंडिंगचं मला विचारा, दुरुस्तीचा खर्च फार कमी नसतो. लॅबमधलं यंत्र घरी आणल्यावर आधी स्पिरिटने नीट पुसून घ्या.

घरचा व्होर्टेक्स

मी स्वतः बनवला, भंगारातली मोटर धरून चारशेच्या आसपास खर्च आला. ज्याला सोल्डर धरता येतो त्याला एक रविवार पुरतो.

मोटर १२ व्होल्टची, डीसी, ७७५ मापाची. या मापात वेगवेगळ्या वेगांच्या मोटरी येतात, तेव्हा ३००० आरपीएमची घ्या. दहा-बारा हजारांची आणली तर यंत्र टेबलावरून चालत निघून जातं. मोटरचा शाफ्ट साधारण ५ मि.मी.चा असतो, तरी कॅलिपरने मोजून घ्या. ट्रॅक्टरची कामं करणाऱ्या लेथवाल्याकडे नायलॉनच्या रॉडचा एक तुकडा कापून घ्या. त्याच्या एका टोकाला बरोबर मध्यावर शाफ्टचं भोक आणि बाजूने स्क्रू. दुसऱ्या टोकाला ८ मि.मी. जाडीची बोंडी, पण मध्यापासून २ मि.मी. सरकवलेली. हा २ मि.मी.चा सरकाव म्हणजेच यंत्राचा जीव. त्याने वरचा कप ४ मि.मी.च्या गोलात हलतो, लॅबच्या यंत्रातही साधारण तेवढाच असतो. जास्त सरकवलं तर आदळआपट होते, कमी केलं तर नुसती गुणगुण. लेथवाल्याने मला विचारलं, "हे वाकडं काहून पाहिजे?" त्याला नीट सांगा, नाहीतर तो सवयीने मध्यावरच करून देईल.

बोंडीवर ६०८ नंबरचं बेअरिंग ठोका. त्याचं आतलं माप ८ मि.मी. आणि बाहेरचं २२ मि.मी. असतं. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर घट्ट बसेल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून चढवा. वर जुन्या स्लिपरच्या रबराची चकती चिकटवा आणि तिला बाटलीच्या तळाएवढी खळगी करा. बेअरिंगमुळे मोटर फिरते पण कप फिरत नाही, कारण बाटली तुम्ही हातात धरलेली असते. बेअरिंग न घालता कप थेट शाफ्टला लावला तर बाटली हातात गरगरते, टोपण सैल होतं, आणि पुन्हा भिंतीवर पंखा.

मोटर जड कशावर तरी बसवा. मी कडप्प्याच्या तुकड्याला क्लॅम्पने धरलीय आणि खाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्यात. वेग कमी-जास्त करायला छोटा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, वायरमध्ये ५ अँपियरचा फ्यूज, आणि दाबून धरलं तरच चालू राहील असं बटण, हात सुटला की यंत्र बंद. वीज १२ व्होल्ट, ३ अँपियरच्या अडॅप्टरमधून.

भारनियमनात मी फवारणी पंपाची बॅटरी लावतो, तीही १२ व्होल्टचीच असते. पण बॅटरी पंपातून बाहेर काढून, पुसून, दुसऱ्या खोलीत आणून. पंपाचा बाकी कोणताही भाग, औषध मोजायचं झाकण, औषधाची रिकामी बाटली, काहीही रंगाच्या कामात आणू नका, कितीही धुतलं तरी. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. इकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण काटकसरीच्या नादात "बाटली चांगली आहे, टाकायची कशाला" हे आपल्या तोंडून सहज निघतं.

पहिल्यांदा पाण्याने अर्धी भरलेली बाटली लावून कमी वेगावर चालवा. पाण्यात मधोमध भोवरा पडला की वेग बरोबर. रंगाच्या बाटलीत भोवरा दिसत नाही, तिथे गोळीचा आवाज ऐका.

डब्यांतले रंग

सिटाडेलसारखे झाकणाच्या डबीतले रंग वेगळे वागतात. डबी उलटी करून हलवली की रंग झाकणाच्या कडेला जातो, तिथे वाळतो, आणि मग झाकण नीट बसत नाही. आमच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात अशी डबी एका मोसमात दगड होते. डबी उभी ठेवूनच काडीने तळापासून ढवळा, झाकण लावण्याआधी कडा पुसा. किंवा सरळ ड्रॉपर बाटलीत ओता. होमिओपॅथीच्या औषधांच्या दुकानात रिकाम्या प्लास्टिकच्या ड्रॉपर बाटल्या स्वस्तात मिळतात. ओतताना आधी डबी पूर्ण ढवळा, नाहीतर पूड डबीत आणि पाणी बाटलीत अशी वाटणी होते. नाव आणि तारीख बाटलीवर लिहा, आणि तळावर त्याच रंगाचा एक ठिपका द्या.

स्टेशनरीच्या दुकानातल्या १५ मि.लि.च्या फेविक्रिलच्या बाटल्यांचंही तसंच. त्या जाड असतात, त्यामुळे हलवण्यापेक्षा ढवळणं बरं. पुतळ्यांचे तळ, भिंती, झाडं यांना ते रंग मी खुशाल वापरतो. चेहऱ्याला नाही.

बाटलीबाहेर

बाटलीत रंग एकजीव केला आणि प्लेटवर पाच मिनिटांत वाळला, तर सगळी मेहनत फुकट. कूलरचा झोत प्लेटवर येऊ देऊ नका. झाकणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकरीवाल्याचा बटर पेपर, आणि त्यावर रंग: ही ओली प्लेट मे महिन्यातही दोन-तीन तास रंग जिवंत ठेवते. पेपर मेणाचा नको, मेणातून पाणी वर येत नाही. दोन रंग मिसळायचे तर थेंब मोजा आणि वहीत लिहा, "तीन पिवळे, एक तपकिरी". अर्ध्या पथकाची बाराबंदी एका रंगाची आणि अर्ध्याची दुसऱ्या रंगाची झाल्यावर मी वही घातली.

बाटल्या खिडकीत किंवा पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका. मोटरसायकलच्या डिकीत तर नाहीच. रस्ता खराब आहे म्हणून रंग आपोआप हलेल, असा हिशोब मीही केला होता. माझ्या बाटल्या माठाच्या तिवईखालच्या फळीवर असतात, घरातली सगळ्यात गार जागा तीच. पांढऱ्याच्या आणि अंगाच्या रंगांच्या बाटल्या मी आडव्या ठेवतो आणि रविवारी दुकान झाडताना अर्धं वळण फिरवतो. थर एकाच जागी बसत नाही, आणि पुढच्या वेळी निम्मा वेळ वाचतो.

त्या गंजलेल्या पांढऱ्याचं काय केलं? छर्रे काढले, कापडातून गाळला, नवी बाटली, त्यात स्टेनलेसच्या दोन गोळ्या. तो आता पिवळट खाकी झालाय आणि वाळलेल्या गवताला अगदी बरोबर बसतो. माझ्या निम्म्या शिपायांच्या पायाखाली तोच आहे. बाटलीवर भाच्याने नाव लिहून दिलंय: "मामाचा पांढरा".